मागचं रिकामं पाणी

"सर, हिच्यात पाठ फिरवून बसायचं, पुढचं काय दिसायचं नाय. मग जिंकणारा जिंकला, ते त्याला कळतं तरी कसं?"

सारिकाने हा प्रश्न आपणहून विचारला नव्हता. भूमिका आणि नम्रता या तिच्या दोन मैत्रिणींनी तिला भरीस घातलं होतं. "विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आमी उचलू," असं त्यांचं ठरलं होतं. नववीचा वर्ग खो खो हसला. साईनाथ सर मात्र हसले नाहीत. फौजेत असताना ते स्वतः वल्हवायचे. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "जिंकणाऱ्याला बाकीच्या सगळ्या बोटी दिसतात, सारिका. हरणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं."

मित्रांनो, ते 'हिच्यात' म्हणजे माझ्यात. मी शर्यतीची जुनी होडी. खिडकीबाहेर, शाळेच्या भिंतीला टेकून, मी हे सगळं ऐकत होते. प्रवासाने अंग आंबलं होतं माझं, नाहीतर मीही हसले असते.

माझा जन्म फार लांबचा, बंगालकडचा. तिथल्या सुतारांनी पापडासारख्या पातळ फळ्या वाफेवर वाकवून मला घडवलं. लांबच लांब आणि इतकी अरुंद, की आत बसणाऱ्याने जांभई दिली तरी मी डुलते. दोघांनी वल्हवायचं आणि तिसऱ्याने सुकाणू धरायचं, अशी माझी रचना आहे. पुण्याच्या एका बोट क्लबात मी ऐन उमेदीची वर्षं काढली. लोक माझ्या अंगावरून हात फिरवायचे, मऊ फडक्याने पुसायचे, माझे फोटो काढायचे. पुढे फायबरच्या हलक्या होड्या आल्या आणि मला छताच्या आढ्याला टांगलं. किती पावसाळे तशी लटकून होते, ते मी मोजायचं सोडलं. टांगून राहिल्यानेही दमायला होतं, मित्रांनो. कोणाला खरं वाटत नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल होतं. साईनाथ सरांनी गावाकडे, टोकावड्याला, क्लब काढला आणि क्लबात होडीच नाही म्हणून मला मागून आणलं. ओतूरहून कांदा घेऊन निघालेल्या ट्रकवर, गोण्यांच्या डोक्यावर बांधून, मी माळशेज घाट उतरले. वैशाखऱ्याला ट्रक चहाला थांबला तेव्हा एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ड्रायव्हरला विचारलं, "येवढी मोठी पन्हळ कोणच्या घराला लावायची रं?"

ते नाव मला चिकटलंच. टोकावड्यात मी पन्हळच झाले.

क्लबाला ना छप्पर होतं ना भिंत. धरणाच्या फुगवट्याच्या अगदी काठाला एक पाडा आहे. तिथे सारिकाच्या घराला लांबलचक वळचण होती. बांबूच्या दोन झोळ्या करून मला तिथे उलटं टांगलं. सारिकाचे वडील कमळू यांना ते पसंत नव्हतं. "पेंढा कुठं ठेवू मंग? हिच्या डोक्यावर?" असं ते रोज म्हणायचे. आई बाईजा काही बोलायच्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी माझ्या पाठीवर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. जिच्यावर एकेकाळी मऊ फडकं फिरायचं, तिच्यावर मिरच्या! मी अंग चोरून राहिले. पोटाखाली कोंबडी अंडी घालायला लागली, तेव्हा मीही ते घर आपलं मानलं.

पहिल्या दिवशी मला पाण्यात उतरवताना कमळूबाबा नारळ घेऊन आले आणि थेट माझ्या नाकावर फोडायला निघाले. सर गुडघाभर पाण्यातून धावले. "बाबा, थांबा! नारळ नाय फुटायचा, बोट फुटेल!" कमळूबाबांनी शेजारच्या दगडावर नारळ फोडला आणि पुटपुटले, "येवढी नाजूक, तर आणली कशाला?"

मुली लवकर शिकल्या. पुण्याच्या पोरांना पाठीकडे जायची सवय लागायला महिना जायचा. या मुलींना त्याचं काहीच वाटलं नाही. कारण भाताची आवणी पाठीकडे सरतच करतात. चिखलात वाकायचं, रोप खोचायचं, एक पाऊल मागे सरायचं. रांगेतल्या प्रत्येकीला आपापली पट्टी असते, तिला पात म्हणतात. "आवणी उभ्यानं करायची, ती बसून करायची, झालं," असं भूमिका म्हणायची.

आता बसण्याची रीत सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या रीतीत आहे. शेपटाकडे नम्रता सुकाणूच्या दोऱ्या धरून बसायची. तिचं एकटीचं तोंड पुढे. तिच्यासमोर भूमिका, आणि भूमिकेच्या पाठीमागे सारिका. म्हणजे सारिकाला भूमिकेची पाठ सतत दिसायची. भूमिकेला सारिका कधीच दिसायची नाही. दोघींकडे एकेकच वल्हं, एकीचं डावीकडे, दुसरीचं उजवीकडे. एकीचा जोर जास्त पडला, की मी वाकडी जाते.

क्लब सरांनी काढला, पण हौस भूमिकेची होती. तोंडाची पक्की, टोकावड्याच्या शेतकऱ्याची लेक. सारिकाच्या घरी चार वेळा येऊन तिनेच कमळूबाबांना पटवलं होतं. "काका, तुमची पोरगी नायतरी रोज पाणवठ्यावर असते. तिथंच जरा पुढं जाईल, एवढंच!" सारिका अबोल. पण तिच्या पायांत जोर होता. माझ्या पोटात पाय टेकायला प्रत्येकीला एक तिरपी फळी आहे. जोर लागतो तो हातांचा नव्हे, पायांचा. ती फळी दाबली जाते आणि मला कळतं कोण किती आहे ते. पहिल्याच आठवड्यात सारिकाने एकदा मनापासून रेटा दिला आणि मी झर्रकन वळून लव्हाळ्यात घुसले. भूमिका ओरडली, "मेले गो! माझंच वल्हं पाण्यात नीट नव्हतं!"

सारिकाने भूमिकेची धापणारी पाठ पाहिली. आणि त्या दिवसापासून तिने पाय राखून ठेवले.

मित्रांनो, आवणीत अशीच रीत आहे. शेजारीण मागे पडली, की पुढची बाई तिच्या पातीतली चार रोपं लावून टाकते, म्हणजे रांग सरळ राहते. सारिका लहानपणापासून तेच बघत आलेली. भूमिकेचा खांदा जरा ढिला पडला, की सारिकाचा पाय फळीवरून हलका व्हायचा. मी सरळ जायचे. सरळ, आणि सावकाश. एका मुलीचा निम्मा जोर माझ्या पोटात रोज दडून बसायचा आणि ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मला बोलता येत असतं, तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

पहिली शर्यत नाशिककडे झाली. आम्ही शेवटच्या. दुसरी त्यानंतर, तिथेही शेवटच्या. सुरुवातीला शेजारी दिसणाऱ्या होड्या एकेक करून नजरेआड व्हायच्या, आणि मग मुलींच्या समोर उरायचं ते नुसतं पाणी. आमच्याच वल्ह्यांनी पाडलेले खळगे, मागे मागे जात मिटणारे. नम्रताला पुढच्या सगळ्यांच्या पाठी दिसायच्या आणि ती रडवेली होऊन ओरडायची, "ओढा गो! त्या चहा पिऊन घरी जातील!"

परतीच्या ट्रकात मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या आणि मी वरती गोणपाटात गुंडाळलेली, खड्ड्याखड्ड्याला कण्हत यायचे. टोकावड्याच्या स्टँडवर पोरं टपलेलीच असायची. "पन्हळ आली, पन्हळ! पाणी गळलं का नाय?" भूमिका खिडकीतून डोकं काढायची, "तुज्या तोंडावर लावू का, लाळ गळती ती थांबेल!" एवढं बोलायला तिला कुठून बळ यायचं, कोण जाणे. मागे वळली की तिचा चेहरा उतरलेला असायचा.

आणि दोष कोणाचा? माझा. सर माझ्या पाठीवर टकटक करून म्हणायचे, "लाकडात पाणी शिरलंय. जड झालीय बिचारी." भूमिका म्हणायची, "म्हातारीच आहे ती, सर. तिचं काय चुकतंय?" सारिका मान खाली घालायची. मी म्हातारी होते, हे खरं. पण मुलींनो, जड मी नव्हते. जड होता तो राखून ठेवलेला जोर.

एका सकाळी भूमिका खोकल्याने बेजार होऊन आली. सर म्हणाले, "तू काठावर बस. तुझ्या जागी मी बसतो." सरांची पाठ रुंद, फौजेतली. सारिकाने ती पाहिली, आणि किती दिवसांनी तिने पूर्ण रेटा दिला. माझी पायफळी करकरली. मी अशी वळले, की नम्रताच्या हातातल्या दोऱ्या सुटल्या. सरांनी दात आवळून जोर लावला, तरी मी वळतच राहिले.

सर थांबले. मागे वळून बघितलं. "एवढा जोर कुठं होता गो तुझा?"

काठावर भूमिका उभी राहिली होती. तिचा खोकलाही थांबला होता.

मला उचलून काठावर आणलं तेव्हा भूमिका सारिकाच्या अगदी जवळ आली. "तू माझी पात लावत होतीस?"

"तू दमायचीस गो..."

"मी तुला सांगितलं दमले म्हणून?"

"तुझी पाठ दिसायची मला."

"माझी पाठ! माझं तोंड कधी बघितलंस? येवढे दिवस मला वाटतंय आपण दोघी ओढतो, आपण दोघी हरतो. आणि तू? तू मला घेऊन फिरत होतीस! जत्रेतल्या पाळण्यात बसवल्यावानी!"

"भूमे..."

"भूमे नको म्हणू." ती दप्तर उचलून निघून गेली. कोणाचं दप्तर कोणी उचलायचं, हा विषयच मिटला होता.

पुढचे दिवस मी वळचणीला टांगलेली. कोणी पाण्यात नेलं नाही. सारिका शाळेतून यायची आणि माझ्याखाली, कोंबडीच्या शेजारी, गुडघ्यांत डोकं घालून बसायची. एका संध्याकाळी बाईजा मिरच्या गोळा करायला आल्या.

"काय झालंय गो? ती बडबडी येत नाय ती?"

सारिकाने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी तिला मदतच केली ना, आये? आवणीत तुमी नाय करत?"

बाईजांनी एक मिरची उचलून पदरात टाकली. "करतो. पण दुसरीच्या पातीत पाय टाकायच्या आधी काय बोलतो?"

सारिकाने गुडघ्यांतलं डोकं वर केलं.

"'तुझ्यात येते गो,' असं बोलतो. ती 'ये' म्हणाली, तर जायचं. नाय म्हणाली, तर नाय. मागच्या आवणीला ती धोंडूबाई मला कशी ओरडली होती, आठवतं? 'माझी मी लावीन, हो बाजूला!' आन् लावली तिनं, उशिरा का होईना." बाईजा पदर झटकत आत गेल्या. "तू विचारलंसच नाय."

दुसऱ्या दिवशी सारिका टोकावड्याला भूमिकेच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं, मी ऐकलं नाही. पण शनिवारी सकाळी तिघी मला उतरवायला आल्या. भूमिकेचं तोंड अजून फुगलेलंच होतं. बसता बसता ती म्हणाली, "मी बोलवीन तेव्हाच यायचं. त्याच्या आधी माझ्या पातीत पाय टाकलास, तर वल्ह्यानं हाणीन."

"बरं," सारिका म्हणाली.

"आणि पूर्ण ओढायचं. मी मेले तरी."

"बरं गो."

"मेलीस तर सुकाणू कोणीकडं वळवू, ते आत्ताच सांगून ठेव," नम्रता म्हणाली. किती दिवसांनी माझ्या पोटात हसू सांडलं.

जानेवारीतली शेवटची शर्यत पुण्याला होती, माझ्या जुन्याच पाण्यावर. तेच आढं मी दुरून पाहिलं. माझ्या जागी तिथे दुसरं कोणीतरी लटकत होतं. वाईट वाटायलाही अंगात त्राण लागतं. मी नजर वळवली.

आम्ही चार होड्या होतो. शिट्टी झाली. सारिकाने पाय रोवले, पूर्ण. मी वळू लागले, तशी नम्रताने दोरी ओढून धरली. त्याने वेग थोडा कमी होतो, पण सरांनी तसंच सांगितलं होतं. अर्धं अंतर संपलं. भूमिकेची पाठ धापत होती. सारिकाचा पाय हलका व्हायला आला, मला फळीवर जाणवलं. पण तिने तो परत रोवला. कारण हाक आली नव्हती. आणखी थोडं पाणी गेलं. भूमिकेचे खांदे थरथरत होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तरी हाक नाही. भूमिका जिथे दमेल असं सारिकाला वाटायचं, त्याच्या कितीतरी पुढे ती स्वतःच्या पायांवर आली होती. मलाही ते ठाऊक नव्हतं, मित्रांनो. इतके दिवस तिची फळी मीही वाचत होते, पण तिच्या शेवटापर्यंत तिला कोणी जाऊच दिलं नव्हतं.

अगदी शेवटाजवळ, नम्रताला निशाणं दिसायला लागल्यावर, भूमिका ओरडली, "ये आता! ये गो, माझ्यात ये!"

सारिकाचा पाय अलगद हलका झाला. नम्रताने दोरी सैल सोडली. मी सरळ झाले आणि तशीच निशाण ओलांडून गेले.

वल्ही पाण्यावर पडली. दोघींच्या माना छातीवर. नम्रताचं तोंड पुढे, तिला मागचं दिसत नव्हतं. "दोनच गेल्या पुढं! मी दोनच मोजल्या! मागं कोण आहे गो? आहे का कोण?"

भूमिकेने मान वर केली. समोर पाणी होतं, आणि त्या पाण्यात एक निळी होडी अजून वल्हवत येत होती.

"आहे," ती म्हणाली. तिला नीट बोलताही येईना. "एक आहे. सारिका, बघ ना गो. एक दिसते."

ती सबंध मोसमातली आमची कमाई. चारात तिसऱ्या. त्या दिवशी साईनाथ सरांनी माझ्या पाठीवर टकटक केली नाही, नुसता हात ठेवला.

पण त्याच दिवशी आणखी एक घडलं. तिथल्या मुलींना शिकवणाऱ्या ताई काठावर आल्या, सारिकाचे पाय पाहिले, सरांशी बोलल्या. जूनपासून पुण्यात राहायचं, शाळा तिथेच, आणि आठ जणींच्या मोठ्या होडीत जागा. घरी विचारून सांग म्हणाल्या. घाट उतरताना सारिका झोपली नाही. मला भीती होती, की ही पुन्हा तेच करेल. कोणाला न विचारता, कोणासाठी तरी, आपले पाय राखून ठेवेल.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझ्या फळ्यांचे सांधे उघडले आहेत, नाकाला डांबर लावलंय, आणि पुढच्या पावसात मी किती टिकेन ते सांगवत नाही. तुमच्याही घरी, शाळेत, माझ्यासारखं काही जुनं पडून असेल. ते उन्हात टाकू नका, पावसात टाकू नका. वर्षातून एकदा पुसा, वार्निश लावा. मिरच्या वाळत घातल्या तरी चालेल, त्यानेही कोणीतरी आपल्याला हात लावतंय असं वाटतं. आणि माणसांचीही काळजी घ्या. फक्त त्यांच्या पातीत शिरण्याआधी एक हाक मारा.

तर त्या वर्षी, होळीच्या आदल्या दिवशी सारिका भूमिकेकडे जाऊन आली. ओसरीवर कमळूबाबा दोर वळत होते, बाईजा तांदूळ पाखडत होत्या. माझी झोळी जरा हलली, कारण सारिकाने येता येता माझ्या पाठीला हात लावला.

"भूमिकेला विचारून आले," ती म्हणाली.

"काय बोलली ती बडबडी?" बाईजांचं सूप थांबलं.

"आधी रडली. मग बोलली, 'जा तू. तुझ्या जोरानं माझी बोट वाकडी जाते.' शेजारची जना आहे ना, तिला ती माझ्या जागी बसवणार आहे."

कमळूबाबांनी दोर मांडीवर ठेवला. "आन् आमाला कधी विचारणार?"

"आता विचारतेय ना, बाबा. तुमचं ऐकून घेईन. पण माझं ठरलंय, ते आधी सांगते." तिचा आवाज कापला नाही. "मी पुण्याला जाणार. आवणीला मात्र येईन. माझी पात ठेवा, तिच्यात कोण शिरू नका."